गोगलगाय, पोटात पाय

आमच्या वर्गाच्या खोलीत काचेची एक पेटी आहे. तिच्यात 40 लिटर पाणी मावते. पाण्यात बोटाएवढे रंगीत मासे आहेत. दिवसभर कामाने शिणलेला माणूस रात्री वर्गाला येतो. माशांकडे पाहून त्याला विरंगुळा वाटतो. म्हणून आम्ही ही पेटी खिडकीत मांडली.

पहिला महिना बरा गेला. मग काचेवर हिरवा थर चढू लागला. हे शेवाळ. पाहता पाहता मासे दिसेनासे झाले. वर्गातल्या एक आजी म्हणाल्या, "गुरुजी, ह्यात मासे हायेत का पालेभाजी?" सगळे हसले.

शहरातल्या मासेवाल्याने आम्हांला उपाय सांगितला. "गोगलगाई न्या. त्या शेवाळ खातात." आम्ही 6 गोगलगाई आणल्या. त्यांना नेराइट म्हणतात. सुपारीएवढा शंख आणि त्यावर काळे पट्टे. रात्री कंदील धरून आम्ही त्या पाहिल्या. गोगलगाय काचेला पोटाने चिकटते आणि पोटानेच सरकते. "गोगलगाय, पोटात पाय" असे आपण म्हणतो ते काही खोटे नाही. तिचे पोट हाच तिचा पाय! तिची जीभ किसणीसारखी असते. जिभेवर बारीक दातांच्या रांगा असतात. त्या जिभेने ती शेवाळ खरवडते. "ही तर काच चाटतीय जणू!" असे आजी म्हणाल्या.

पंधरा दिवसांत काच लख्ख झाली. आम्हांला वाटले, काम झाले. पण तसे नव्हते. पेटीतले पाणीच हिरवे होऊ लागले. पाण्यात तरंगणारे शेवाळ गोगलगाईला खरवडता येत नाही. त्यातच 2 गोगलगाई मेल्या. आमचे कुठे चुकले?

शेवाळ हे पाण्यातले पीकच आहे. पिकाला काय लागते, ते शेतकऱ्याला सांगायला नको. ऊन लागते आणि खत लागते. पेटी खिडकीत होती, म्हणून ऊन मिळत होते. येणारा जाणारा माशांना चिमूटभर खाणे टाकी. उरलेले खाणे तळाशी कुजे. तेच खत. माशांची विष्ठाही खतच, आणि गोगलगाईची विष्ठाही खतच! गोगलगाय पीक कापते. खत काढून नेत नाही. ते काम आपले.

मग आम्ही पेटी खिडकीतून हलवली. एकाच माणसाने, दिवसातून एकदा, मासे लगेच संपवतील एवढेच खाणे टाकायचे, असे ठरले. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलू लागलो. पाणी हळूहळू निवळले.

गोगलगाईंचेही आता नीट पाहतो. काच स्वच्छ झाली की त्या उपाशी राहतात. तेव्हा उकडलेल्या दुधीची किंवा काकडीची चकती टाकावी. दुसऱ्या दिवशी उरलेली काढावी. शंख मजबूत राहायला पाण्यात चुनखडीचा अंश हवा. त्यासाठी अंड्याचे टरफल उकळून, चुरून घालावे. पानाला लावायचा चुना मात्र घालू नये. त्याने पाणी जहाल होते.

तांबे हे गोगलगाईला विष आहे. आम्ही रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेले पाणी पेटीत घालत होतो! मोरचूद फवारलेले हातही पेटीत घालू नयेत, कारण मोरचुदात तांबे असते. विहिरीत जंतुनाशक पावडर टाकली असेल, तर पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवून मग घालावे. पेटीला झाकण असावे. नेराइट बाहेर चढून येते. मेलेली गोगलगाय लगेच काढावी, नाहीतर पाणी नासते. डबक्यातल्या गोगलगाई आणू नयेत. गुरांच्या यकृतात होणाऱ्या चपट्या जंतांची पिल्ले काही जातींच्या अंगात वाढतात. पेटीत हात घातल्यावर साबणाने धुवावेत.

पुढे एक गंमत झाली. आम्ही पेटीसाठी विकतची पाणवनस्पती आणली. तिच्यावर दुसऱ्याच जातीची अंडी होती. नेराइटची पिल्ले गोड्या पाण्यात वाढत नाहीत. त्यांना खाडीसारखे मचूळ पाणी लागते. ह्या नव्या गोगलगाई मात्र भराभर वाढल्या. दोन महिन्यांत पेटी भरली. एक तरुण म्हणाला, "ओढ्यात सोडू या. त्यांनाबी जीव हाय."

त्याचे मन चांगले होते. पण आम्ही त्याला तैवानची गोष्ट सांगितली. 1980च्या सुमारास तिथे दक्षिण अमेरिकेतून सोनेरी रंगाची एक मोठी गोगलगाय आणली. ती पाळून, खाण्यासाठी विकून पैसा मिळेल, असा लोकांचा बेत होता. लोकांना ती आवडली नाही. ती पाटात गेली, पाटातून खाचरात गेली आणि भाताची कोवळी रोपे खाऊ लागली. फिलिपीन्समध्येही तसेच झाले. आजही तिथले शेतकरी ती हाताने वेचतात. आपल्या नद्या झाकणारी जलपर्णीही दक्षिण अमेरिकेचीच. सुंदर फुलांसाठी माणसानेच ती देशोदेशी नेली.

आजी म्हणाल्या, "उगं न्हाई म्हनत, गोगलगाय न् पोटात पाय! दिसती गरीब, पर खाचर खाईल." आमचे खाचर ओढ्यालाच लागून आहे. तरुणाला पटले. त्या गोगलगाई आम्ही ठेचून कोंबड्यांना घातल्या. पेटीतले जुने पाणीही आता ओढ्यापासून दूर, कोरड्या जमिनीवर ओततो. त्यात अंडी असू शकतात.

लक्षात ठेवा
गोगलगाय काच साफ करते, पाणी आपण सांभाळायचे.
पेटीतला जीव पेटीतच. ओढ्यात नाही, विहिरीत नाही, तळ्यात नाही. माशांनाही हाच नियम.

उत्तरे द्या
1. शेवाळ वाढायला कोणत्या दोन गोष्टी लागतात?
2. आमच्या पेटीत गोगलगाई का मेल्या असतील?
3. तरुणाचे म्हणणे दयेचे होते. तरी ते का मानले नाही? आपल्या शब्दांत लिहा.