मांजर, कॉफी आणि माकिओका बहिणी

मुक्ता : मामा, यंदा जपानी कादंबऱ्या वाचायचं ठरवलंय. इंग्रजीतूनच, अर्थात. दुकानात त्यांचं एक अख्खं टेबल मांडलं होतं. ही तीन उचलली.

मामा : बघू. एकावर मांजर, एकावर कॅफे, एकावर पुस्तकांचं दुकान. यातलं कॉफीचं वाच. त्याचे लेखक कावागुची, त्यांनी ते आधी नाटक म्हणून लिहिलं होतं, आणि ते लपत नाही. एकच खोली, मोजकी माणसं, दाराची घंटा वाजली की नवं पात्र आत. भूतकाळात जाता येतं, पण कॉफी गार व्हायच्या आत परतायचं. कल्पना झकास आहे. पण या जातीची चार पुस्तकं वाचलीस की पाचवं न उघडताच कळतं.

मुक्ता : जपानमध्ये सध्या हेच चालतं ना पण?

मामा : हेही चालतं. तिथे छापतात ढीगभर, त्यातलं आपल्यापर्यंत काय पोचणार ते लंडन-न्यूयॉर्कचे प्रकाशक ठरवतात. हे आजचं नाही. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या क्नॉफ प्रकाशनात हॅरल्ड स्ट्रॉस हे संपादक होते. तानिझाकी, कावाबाता, मिशिमा यांना इंग्रजी वाचकांपुढे आणण्यात त्यांचा मोठा हात. आणि अनुवादक कुठले, तर अमेरिकन नौदलातले! महायुद्धात शत्रूचे कागद वाचता यावेत म्हणून नौदलाने हुशार पोरं निवडून त्यांना जपानी शिकवलं होतं. डोनल्ड कीन, एडवर्ड सायडनस्टिकर ही त्यातलीच मंडळी. पुढे तीच साहित्याकडे वळली.

मुक्ता : म्हणजे युद्धाच्या पोटी साहित्य.

मामा : हो, पण निवड एका ठरावीक चवीची झाली. बर्फ, किमोनो, न बोललेलं दुःख, मोघम शेवट. १९६८मध्ये कावाबातांना नोबेल मिळालं आणि जपानी कादंबरी म्हणजे असंच हळुवार काहीतरी, हे पक्कं होऊन बसलं. तेव्हा बर्फ होतं, आता मांजर आहे. मला त्या लेखकांबद्दल तक्रार नाही, कावाबातांची ‘स्नो कंट्री’ अप्रतिमच आहे. पण तेवढ्यावरून एका देशाचा स्वभाव ठरवायचा नाही.

मुक्ता : मग तू कुठून सुरुवात करशील?

मामा : तानिझाकींची ‘द माकिओका सिस्टर्स’. मराठी वाचकाला याच्याइतकं सोपं दार नाही. ओसाकाचं जुनं व्यापारी घराणं, वडील गेलेले, धंदा बसलेला, नाव तेवढं शिल्लक. चार बहिणी. थोरल्या दोघी नांदत्या घरी, तिसरी युकिको तिशीची, लग्न जमत नाही. आणि तिचं जमेपर्यंत चौथीला थांबणं भाग. पाचशेहून जास्त पानं आहेत आणि त्यात मुख्य काय घडतं, तर बघण्याचे कार्यक्रम.

मुक्ता : कांदेपोहे?

मामा : फक्त पोह्यांच्या जागी हॉटेलातलं जेवण. मध्यस्थ बाई घाई करतेय, इकडे मुलाकडची गुप्त चौकशी चाललीय, त्याच्या आईच्या आजाराबद्दल कुजबुज. युकिकोच्या डोळ्यावर एक फिकट डाग मधूनमधून उमटतो. बघायला येणार त्या दिवशी तो दिसेल का, ही घरभर धास्ती! पहिल्याच प्रकरणात बहिणींची बाहेर जायची तयारी चाललीय आणि त्याच गडबडीत ‘बी’ जीवनसत्त्व कमी पडलं म्हणून इंजेक्शनची सुई उकळायला सांगितली जातेय. घरातल्या घरात एकमेकींना टोचतात. आहे का यात कुठे झेन?

मुक्ता : आणि लग्न जमतं का शेवटी?

मामा : जमतं. शेवट सांगितला म्हणून या पुस्तकाचं काही बिघडत नाही. लग्नासाठी युकिको आगगाडीने टोकियोला निघालीय आणि तिचं पोट बिघडलंय, थांबायचं नाव घेत नाही. तिथे कादंबरी संपते. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पान फाटलंय की काय म्हणून मागचं पुठ्ठं तपासलं होतं.

मुक्ता : भन्नाट आहे हे.

मामा : आणि लिहिली कधी, तर युद्ध चालू असताना. १९४३मध्ये एका मासिकात क्रमशः येऊ लागली. लष्करी अधिकाऱ्यांनी ती बंद पाडली. देश लढतोय आणि तुम्ही बायकांच्या किमोनोंबद्दल काय लिहिताय, असा एकूण सूर. तानिझाकी लिहीतच राहिले, पूर्ण पुस्तक युद्धानंतर आलं. इंग्रजी अनुवाद १९५७चा, त्याच सायडनस्टिकर यांचा.

मुक्ता : तू प्रत्येक वेळी अनुवादकाचं नाव घेतोयस. मी तर ते बघतच नाही. मुराकामी वाचला तेव्हाही नाही पाहिलं.

मामा : कुठलं वाचलंस?

मुक्ता : ‘नॉर्वेजियन वुड’. आणि ‘द वाइंड-अप बर्ड क्रॉनिकल’ अर्धवट.

मामा : ते दुसरं तर तू पूर्ण वाचलं असतंस तरी पूर्ण झालं नसतं. जपानीत त्याचे तीन खंड आहेत. १९९७मध्ये इंग्रजी आवृत्ती निघाली तेव्हा अमेरिकन प्रकाशकाने लांबीवर मर्यादा घातली होती. अनुवादक जे रुबिन यांनी सुमारे २५,००० शब्द गाळले, काही प्रकरणं इकडची तिकडे केली. मुराकामींच्या संमतीने, चोरून नव्हे. तरी वाचकाला कळायला हवं की नको? ‘नॉर्वेजियन वुड’चे तर दोन अनुवाद आहेत. आधीचा आल्फ्रेड बर्नबाउम यांचा, तो जपानमध्येच इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढला होता. तुझ्या हातात आला तो २०००चा, रुबिन यांचा. म्हणून आतलं पान उघडायचं, अनुवादक कोण, साल कुठलं, ते बघायचं. नाहीतर एकच पुस्तक दोनदा घेशील. कावाकामी हिरोमीची एक कादंबरी आधी अमेरिकेत ‘द ब्रीफकेस’ आणि ब्रिटनमध्ये ‘स्ट्रेंज वेदर इन टोकियो’ या नावाने निघाली होती. मजकूर तोच, अनुवादिका तीच.

मुक्ता : माझ्यासाठी अजून काही? दिवसभर ऑडिटचे आकडे जुळवून डोकं शिणतं रे.

मामा : मग ओगावा योकोची ‘द हाउसकीपर अँड द प्रोफेसर’. अपघातानंतर एका गणितज्ञाची नवी स्मृती फक्त ऐंशी मिनिटं टिकते. विसरू नये म्हणून कोटावर चिठ्ठ्या अडकवून बसतो. रोज सकाळी कामवाल्या बाईला तो नव्याने विचारतो, तुझ्या बुटाचा नंबर काय? तुझी जन्मतारीख? ती सांगते, २० फेब्रुवारी. म्हणजे २२०. त्याच्या घड्याळावर, विद्यापीठाच्या बक्षिसावर, कोरलेला आकडा २८४. आता कागद घे. २२०ला निःशेष भाग जाणाऱ्या संख्या मांड, ती स्वतः सोडून.

मुक्ता : एक, दोन, चार, पाच, दहा, अकरा, वीस, बावीस, चव्वेचाळीस, पंचावन्न, एकशे दहा. बेरीज... दोनशे चौऱ्याऐंशी!

मामा : आता २८४च्या कर.

मुक्ता : एक, दोन, चार, एकाहत्तर, एकशे बेचाळीस. दोनशे वीस. अरे!

मामा : अशा जोड्यांना मित्रसंख्या म्हणतात आणि त्या फार विरळ. ज्याला ही बाई उद्या आठवणारही नाही, तो तिच्याशी नातं जोडतो ते असं. स्टीफन स्नायडर यांचा अनुवाद आहे, वाक्यं छोटी आणि स्वच्छ.

मुक्ता : रहस्यकथा?

मामा : हिगाशिनोची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’. खून कोणी केला ते सुरुवातीलाच दिसतं, प्रश्न वेगळाच असतो. करीना कपूरचा ‘जाने जां’ यावरूनच काढलाय, तो पाहिला नसशील तर आधी पुस्तक. त्याला नाओकी पुरस्कार आहे. एक खूणगाठ बांध : नाओकी बहुधा लोकप्रिय, गोष्टीला धरून चालणाऱ्या लेखनाला देतात. आकुतागावा नवोदितांच्या गंभीर आणि छोट्या लेखनाला. दोन्ही १९३५पासून चालू आहेत. मुराता सायाकाची ‘कन्व्हिनियन्स स्टोअर वुमन’ आकुतागावावाली. एका बैठकीत होते, आणि छत्तिशीतल्या मुलीला ‘लग्न कधी?’ विचारणारे नातेवाईक तिथेही आहेतच.

मुक्ता : ती आईला वाचायला देते. मराठीत काहीच नाही का यातलं?

मामा : जपानी म्हटल्यावर मराठी घरात एकच नाव निघतं, ‘तोत्तोचान’. चेतना सरदेशमुख गोसावींचा अनुवाद. पण त्या आठवणी आहेत, कादंबरी नव्हे. म्हणून तर इंग्रजीचा वळसा घ्यावा लागतो.

मुक्ता : आणि जुनं काही? गेन्जी म्हणतात ते?

मामा : ‘द टेल ऑफ गेन्जी’, हजार वर्षांपूर्वी दरबारातल्या एका बाईने लिहिलेलं. आर्थर वेली यांनी १९२५ ते १९३३ या काळात ते इंग्रजीत आणलं. जपानला आयुष्यात एकदाही न जाता! इंग्रजी रसाळ आहे, पण एक अख्खं प्रकरण त्यांनी सोडून दिलंय. वाचायचंच तर २००१चा रॉयल टायलर यांचा घे. मुळात माणसांना नावाने नाही, हुद्द्याने किंवा राहत्या जागेवरून ओळखतात. हुद्दा बदलला की ओळख बदलते. टायलर ती रीत बरीचशी तशीच ठेवतात, म्हणून प्रत्येक प्रकरणाआधी कोण कोण आहे त्याची यादी देतात. पण ते नंतर. आधी माकिओका ने, वरच्या फळीवर आहे.

मुक्ता : पाचशे पानं? मामा, मे महिन्यात परीक्षा आहे.

मामा : मग ओगावा ने. आणि ते मांजराचं इथे ठेव, मी वाचून बघतो.