वाचकांचे प्रश्न : ॲस्बेस्टॉसचा कर्करोग आणि भरपाई

प्रश्न : माझे वडील १९८८ ते २०१४ ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे बनवणाऱ्या कारखान्यात होते. पोती फोडून मिक्सरमध्ये ओतायची, हे त्यांचं काम. आता बायोप्सीत मेसोथेलिओमा हा कर्करोग निघाला. कारखाना बंद आहे. जुने साहेब म्हणतात, ‘विड्यांमुळेच झालं.’ भरपाई मिळेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : विड्यांचं आधी निकालात काढू. मेसोथेलिओमा तंबाखूने होत नाही. त्याचं मुख्य कारण ॲस्बेस्टॉस, आणि धूळ छातीत गेल्यावर तो तीस-चाळीस वर्षांनीही डोकं वर काढतो. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात नाव घेऊन नोंदलेले आहेत. (दगडखाणीतल्या कामगाराचं नशीब एवढं नाही. सिलिकोसिस यादीत आहे, सिलिकामुळे होणारा कर्करोग नाही.) ॲस्बेस्टॉसच्या कामात सलग ६ महिने नोकरी झाली असेल, तर आजार कामातूनच आला असं कायदा धरून चालतो. तसं नाही, हे मालकाने सिद्ध करायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३चा हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण यादी तिथेही आहे.

वडील ईएसआयमध्ये होते का, हे आधी बघा. असतील तर मालकावर वेगळा दावा चालत नाही. अर्ज ईएसआय महामंडळाकडे करायचा. नसतील तर नुकसानभरपाई आयुक्तांकडे जा. खरी अडचण मुदतीची आहे. नोकरी सुटल्यावर दोन वर्षांत लक्षणं दिसावीत, असं जुन्या कायद्याच्या कलम १० मध्ये गृहीत होतं. चाळीस वर्षं दबा धरणाऱ्या आजाराला ही अट लावणं मला तरी अन्यायाचं वाटतं. समोरचा वकील नेमकं हेच पुढे करील. म्हणून विलंबमाफीचा अर्ज दाव्यासोबतच द्या, आणि निदान कधी झालं ती तारीख त्यात ठळक लिहा.

पुरावा कुठून आणायचा? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कारखान्यांना बजावलं होतं की, प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतलं जे उशिरा येईल तोवर जपायची. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ती मुदत २०२९ पर्यंत जाते. कंपनीच्या वारसदारांकडे आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे ती नोंद लेखी मागा. नोकरीची वर्षं पीएफच्या नोंदीतून सिद्ध होतील.

आणखी एक. केसपेपरवर ‘व्यवसाय’पुढे बहुतेक ‘निवृत्त’ एवढंच लिहिलेलं असेल. पुढच्या भेटीतच डॉक्टरांना सांगून तिथे ‘ॲस्बेस्टॉस कारखान्यात २६ वर्षं, पोती फोडण्याचं काम’ असं लिहून घ्या.