‘पैशांचं बघू नका’ असं कुणी म्हणालं तर

दादाच्या फाइलवर पहिल्याच पानावर ‘पॅलिएटिव्ह’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे उपचार कॅन्सर बरा करण्यासाठी नव्हते. त्रास कमी व्हावा, हाती थोडा काळ मिळावा, एवढ्यासाठी होते. आम्हाला हे कळलं गावची जमीन विकून झाल्यावर. सेकंड ओपिनियन देणाऱ्या डॉक्टरांनी फाइल चाळत विचारलं, “हे तुम्हाला सांगितलंय ना?” वहिनी माझ्याकडे बघतच राहिली.

तोवर रुग्णालयातल्या लोकांचं प्रत्येक एस्टिमेटसोबत एकच पालुपद: “पैशांचं बघू नका, माणूस महत्त्वाचा.” इम्युनोथेरपीचा नेमका किती उपयोग होईल, असं मी विचारलं होतं. उत्तर मिळालं, “पॉझिटिव्ह राहा.” त्या उत्तराची चीड अजून गेलेली नाही. प्रश्न विचारणारा भाऊ त्यांच्या लेखी कंजूष ठरला.

आणि हे धर्मादाय रुग्णालय! उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. काउंटरवर विचारलं की “फुल आहेत”. तोंडी विचारू नका. उत्पन्नाचा दाखला जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि एक प्रत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्या. पोच मागितल्यावर बोलण्याचा सूर बदलतो.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं भरती होण्याआधीच बघा. रेशनकार्ड, आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटा. कोणती केमो योजनेत बसते, कोणती नाही, हे त्याच्याकडून काढून घ्या. आधी भरलेले पैसे मागून मिळतील या भरवशावर राहू नका. महागड्या इंजेक्शनचा भाव बाहेरच्या होलसेल मेडिकलमध्ये विचारा. आम्हाला तेच इंजेक्शन, त्याच कंपनीचं, छापील किमतीच्या निम्म्याहून कमी भावात मिळालं. रुग्णालयाने मात्र पूर्ण छापील किंमत लावली होती. कागद जपा, धीर धरा.

डॉक्टरांना सरळ विचारा: हे औषध कशासाठी, फरक पडला की नाही ते कोणत्या स्कॅनला कळणार, आणि नाही पडला तर थांबणार का?

दादाला शेवटी झोप लागली ती मॉर्फिनच्या गोळीने. सगळ्या बिलांत सर्वांत स्वस्त तीच होती. 2014 मध्ये कायदा सुधारून ती मिळणं सोपं केलेलं असताना, तिचं नाव आमच्यापुढे कुणी काढलं नव्हतं. चौथी स्टेज सांगितली त्याच आठवड्यात पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांची भेट मागा. ती मागितली म्हणजे पेशंटला सोडून दिलं, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.