फिरवून नव्हे, मोजून

कुत्रा जाड झाला की चंद्रपुरात पहिला सल्ला मिळतो, ‘फिरवत जा’. सांगणारा आपुलकीनेच सांगतो, पण माझ्या मते या जिल्ह्यात तो सल्ला अर्धवट आहे आणि मे महिन्यात तर चक्क धोक्याचा. आमच्याकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो. नवतप्यात दिवेलागणीनंतरही डांबराला हात लाववत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो उष्णता बाहेर टाकतो ती मुख्यतः धापा टाकून, आणि चरबीचा थर तीच उष्णता आत धरून ठेवतो. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय नोंदींचा एक अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यात उष्माघात झालेल्या दर चार कुत्र्यांपैकी सुमारे तिघांना तो व्यायामामुळे झाला होता. हे ब्रिटनचं, तिथल्या उन्हाळ्याला आम्ही उन्हाळा म्हणणारही नाही. मग पहाटे नाहीतर अंधार पडल्यावर न्या, असं कोणी म्हणेल. दुर्गापूर-ऊर्जानगरच्या लोकांना ते सांगून बघा. फेब्रुवारी 2022मध्ये चंद्रपूर वीज केंद्राच्या त्या परिसरात वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत लागोपाठ माणसं गेली, आणि कुत्रं तर बिबट्याचं नेहमीचंच भक्ष्य. ताडोब्याच्या कडेच्या वस्त्यांत ज्या वेळा थंड, त्याच नेमक्या बिबट्याच्या. त्यामुळे बरेच कुत्रे वर्षातले कित्येक महिने कूलरसमोर पसरलेले असतात. यात आळस कोणाचाच नाही, ना कुत्र्याचा ना मालकाचा.

पण समजा, ऊन नाही आणि जंगलही लांब आहे. तरीही नुसतं फिरवून वजन उतरत नाही, कारण हिशेबच तसा आहे. एक किलोमीटर चालायला कुत्र्याला दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी लागते. म्हणजे 30 किलोचा लॅब्रेडॉर दोन किलोमीटर चालून आला की जेमतेम 60 कॅलरी खर्च होतात. बिनतेलाच्या एका पोळीत 100च्या आसपास असतात. आता लहान कुत्र्याचं बघा. घरोघरी असतो तो पांढरा पॉमेरेनियन, योग्य वजन सात किलो धरू. वजन उतरवायचं असेल तर त्याला दिवसाला सुमारे 300 कॅलरी पुरतात. ग्लुकोजच्या एका लहान बिस्किटात 25च्या आसपास कॅलरी असतात. सकाळच्या चहाबरोबर दोन आणि संध्याकाळच्या चहाबरोबर दोन, की दिवसाच्या खुराकाचा तिसरा हिस्सा संपला. आणि ही बिस्किटं जेवणात कोणी धरतच नाही! आजी टोस्टचा तुकडा देते, नातू कुरकुरे, बाबा जेवताना पोळीचा शेवटचा घास. प्रत्येकाला वाटतं आपण एवढंसंच दिलं.

म्हणून माझा आग्रह आधी मोजण्याचा आहे. बरगड्यांवरून तळहात हलकेच फिरवा. हाताच्या पाठीवरची हाडं जशी लागतात तशा बरगड्या लागल्या तर ठीक. दाबल्याशिवाय लागतच नसतील तर कुत्रा जाड आहे, मग तो कितीही ‘भरलेला’ आणि देखणा दिसो. वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे. लहान कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहावं आणि आपलं वजन वजा करावं. मोठ्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यातला, नाहीतर ओळखीच्या दुकानातला धान्याचा काटा चालतो. पशुवैद्यांकडून दिवसाचा खुराक ठरवून घ्यावा आणि सकाळीच तो एका डब्यात काढून ठेवावा. घरातल्या कोणीही काही द्यायचं ते त्याच डब्यातून. डबा रिकामा, की दिवस संपला. खुराक कमी करताना भात आणि पोळी कमी करावी, अंडं आणि उकडलेलं चिकन नाही. नाहीतर चरबीऐवजी स्नायूच झडतात. पोट भरल्यासारखं वाटायला उकडलेला दुधी, फरसबी, गाजर घालता येतं. त्यात कांदा-लसूण मात्र अजिबात नको, दोन्ही कुत्र्याच्या रक्ताला घातक आहेत.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की सिंदेवाही-नागभीडकडच्या खेड्यांतली कुत्री भातावरच जगतात, ती कुठे सुटतात? आक्षेप खरा आहे, आणि भात विष नाही हेही खरं. लांडग्याच्या मानाने कुत्र्याला पिष्टमय अन्न चांगलं पचतं, हे 2013 साली जनुकांच्या अभ्यासातून दिसलं आहे. पण खेड्यातलं कुत्रं दिवसभर हिंडतं, दारोदार मिळेल ते खातं आणि पुष्कळदा उपाशी झोपतं. तेच भाताचं प्रमाण कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये, वर दूध घालून आणलं, तर ते अंगावर चढतं. तांदूळ एचएमटी असो की आणखी कुठला, वाटीभर शिजलेल्या भातात 200च्या आसपास कॅलरी असतातच. दुसरा आक्षेप जातीचा. लॅब्रेडॉर खादाडच असतो म्हणतात, आणि तेही निराधार नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली दाखवलं, की जवळपास पाव लॅब्रेडॉरांत एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. पुढे 2024मध्ये असंही दिसलं, की अशा कुत्र्यांना दोन जेवणांच्या मधे जास्त भूक लागते आणि स्वस्थ बसलेले असताना ते पाव हिश्शाने कमी ऊर्जा खर्च करतात. नसबंदीनंतरही कॅलरींची गरज घटते. पण यातून निघतं काय? त्याच्या मागण्यावर आपलं देणं ठरवता येत नाही, एवढंच.

राहिला दयेचा प्रश्न. कुत्रा टक लावून बघतो, मग आपल्याला घास उतरत नाही, आणि मुक्या जीवाला उपाशी ठेवणं लोकांना पाप वाटतं. उपाशी ठेवू नयेच. उपवास घडवून वजन उतरवणं हा अघोरीपणा आहे. आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के, यापेक्षा घाई नको. पण मोजून देणं म्हणजे छळ नव्हे. अमेरिकेत 48 लॅब्रेडॉरांवर चाललेल्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष 2002 साली आले. कुत्र्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पिल्लूपणापासूनच पाव हिस्सा कमी अन्न दिलं होतं. कमी खाणारे सरासरी 13 वर्षं जगले, दुसरे 11 वर्षं आणि काही महिने. सांध्यांचं दुखणंही त्यांना उशिरा आलं. हा अभ्यास श्वानखाद्याच्या एका कंपनीनेच केला होता. खाद्य विकणाऱ्यानेच कमी खाऊ घाला म्हणावं, म्हणून मला तो अधिक पटतो.

फिरणं सोडा असं मी म्हणत नाही. पावसाळा सरल्यावर, उजेड असताना, साखळी हातात धरून जरूर न्यावं. सांधे आणि मन दोन्हींसाठी ते हवं. मात्र डबा काटेकोर पाळूनही महिना-दीड महिन्यात काटा हलला नाही, किंवा केस गळू लागले, पाणी फार प्यायला लागला, तर खुराक आणखी कापू नये. थायरॉईड नाहीतर दुसरी एखादी ग्रंथी बिघडलेली असू शकते, आणि त्यासाठी रक्ताची तपासणीच लागते. चंद्रपुरात ती झाली नाही तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जावं. जाताना डब्याची आणि वजनाची लिहून ठेवलेली वही बरोबर न्यावी, कारण तिथे पहिला प्रश्न ‘काय खातो?’ हाच असतो.