गॅसबत्तीची टोपी

मुलांनो, आज तुम्ही विजेच्या प्रकाशात अभ्यास करता. परंतु तुमच्या आजोबांच्या बालपणी बीड जिल्ह्यातील कित्येक खेड्यांत वीज पोहोचली नव्हती. परळी येथील औष्णिक वीजकेंद्र 1971 मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी, आणि नंतरही बरीच वर्षे, कीर्तनाला, वरातीला आणि जत्रेतील दुकानांना गॅसबत्तीच उजेड देत असे.

नाव गॅसबत्ती असले, तरी तिच्या टाकीत रॉकेल असते. पंपाने हवा भरली, की रॉकेल वर चढते, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते व ती जाळीपाशी जळते. त्या उष्णतेने जाळी पांढरीशुभ्र तळपू लागते. अशी जाळी ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञ कार्ल आउअर याने 1885 मध्ये शोधून काढली. पुढे बर्लिनच्या एका कारखान्याची ‘पेट्रोमॅक्स’ बत्ती जगभर गेली.

अशीच एक जुनी बत्ती एका घरी माळ्यावर धूळ खात पडली होती. गावात हरिनाम सप्ताह जवळ आला होता. कीर्तनात वीज गेली तर असावी, म्हणून आजोबांनी ती खाली काढविली. तिची निळी टोपी जागोजागी टवके उडून गंजली होती. नातवाला वाटले, आपण हिला नवी करू! दाराला लावून उरलेला तैलरंग त्याने टोपीला फासला. टोपी चकाकू लागली. पण संध्याकाळी बत्ती पेटविताच रंगाला फोड आले, उग्र धूर निघाला आणि पापुद्रे गळू लागले. नातू खजील झाला.

आजोबा रागावले नाहीत. ते म्हणाले, “लेकरा, हा रंग दाराचा. दाराला ऊन सोसावे लागते, टोपीला जाळ सोसावा लागतो.”

“मग आजोबा, तो पहिला निळा रंग कसा टिकला?”

“तो रंग नव्हताच. ती काच होती.”

ते खरे होते. लोखंडी पत्र्यावर काचेची पूड पसरून ती सुमारे 800 अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टीत वितळवितात. काच पत्र्याला घट्ट धरते व त्याला गंजू देत नाही. मात्र बत्ती आपटली, किंवा तापलेल्या टोपीवर गार पाणी पडले, तर हा मुलामा तडकतो. उघड्या पत्र्याला गंज चढतो. शेवटी टोपीला भोक पडते, आणि त्यातून पावसाचा थेंब तापलेल्या काचेवर पडला, की काचही फुटते.

घरी तशी भट्टी नसते. म्हणून दोघांनी उष्णता सोसणारा रुपेरी रंग आणला. त्यात ॲल्युमिनियमची पूड आणि सिलिकॉनची राळ असते. प्रथम टोपी लोखंडाची आहे, हे त्यांनी लोहचुंबकाने पाहिले. पितळी टोपी असती, तर साबणाने धुणे पुरेसे होते. काजळी सोड्याच्या पाण्याने धुतली. फसलेला रंग व गंज ओल्या काचकागदाने घासला, म्हणजे धूळ नाकात जात नाही. जेथे निळी काच शाबूत होती, तेथे हात लावला नाही. टोपी पूर्ण वाळवून उघड्या जागी रंगाचा पातळ हात दिला. तो वाळल्यावर दुसरा. डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत वाट पाहिली. मग आजोबांनी अंगणात बत्ती थोडा वेळ पेटवून विझविली, टोपी निवू दिली आणि पुन्हा अधिक वेळ पेटविली. असा रंग हळूहळू तापल्यानेच पक्का होतो.

“आजोबा, ठिगळे दिसतात हो!”

“दिसू देत. ठिगळ लावलेले घोंगडेही थंडी राखते.”

सप्ताहाच्या तिसऱ्या रात्री ऐन कीर्तनात वीज गेली. मृदंग क्षणभर थांबला. आजोबांनी बत्ती पेटविली, मंडप उजळला आणि पुन्हा टाळ वाजू लागले. टोपीवरील रुपेरी डाग तसेच होते. त्यांना फोड आला नव्हता. नातू त्यांच्याकडे पाहत राहिला. वरून चकाकणे निराळे आणि जाळात टिकणे निराळे, हे त्याला आता कोणी सांगावे लागले नाही.

शब्दार्थ : मुलामा – वरून दिलेला पातळ थर; खजील – ओशाळलेला; शाबूत – न बिघडलेले.

स्वाध्याय
1. तैलरंगाला फोड का आले?
2. टोपीला भोक पडल्यास काच कशी फुटते?
3. तुमच्या घरातील एक जुनी वस्तू पाहा. तिच्यावरील थर तिचे कशापासून रक्षण करतो, ते पाच ओळींत लिहा.

(गॅसबत्ती मोठ्या माणसांनीच व मोकळ्या जागी पेटवावी.)