बालकांची सकाळची न्याहारी

पहिल्या-दुसऱ्या इयत्तेतील एखादे मूल सकाळच्या दुसऱ्या तासालाच जांभया देऊ लागले, पाटीवरील बेरीज अर्धवट टाकू लागले किंवा विनाकारण शेजाऱ्याशी भांडू लागले, तर त्यास मंद अथवा द्वाड ठरविण्यापूर्वी शिक्षकाने त्याच्या पोटाची विचारपूस करावी. रात्री आठाच्या सुमारास जेवलेले मूल सकाळी आठ वाजता बारा तासांचे उपाशी असते. लहान मुलाच्या यकृतातील साखरेचा साठा मुळातच थोडा. उलट त्याच्या मेंदूचा खर्च शरीराच्या मानाने प्रौढाहून मोठा.

‘न्याहारी केलीस काय?’ असे विचारल्यास बहुतेक मुले ‘होय’ म्हणतात, आणि ते असत्यही नसते. चहात बुडविलेली खारी हीच त्यांच्या लेखी न्याहारी होय. कित्येक घरी तर नुसता चहाच. चहाने भूक तेवढी मरते. शिवाय त्यातील टॅनिनमुळे अन्नातील लोह अंगी लागण्यास अडथळा येतो. म्हणून ‘उठल्यापासून काय काय खाल्लेस?’ असे विचारावे. तेही एकेकट्यास, वर्गादेखत नव्हे.

ऊसतोडीस किंवा शेतमजुरीस पहाटेच बाहेर पडणाऱ्या आईबापांच्या घरी सकाळी चूल पेटतेच असे नाही. अशा घरास आहारशास्त्राचा उपदेश करणे निर्दयपणाचे होईल. इतरत्र मात्र उपाय हाताशी असतो. रात्रीची भाकरी दुधात वा ताकात कुस्करून द्यावी, फोडणी घालून तिचा कुस्करा करावा, सोबत शेंगदाण्याची चटणी असावी. कोकणात पेज, घाटावर नाचणीची आंबील. पुड्यातील बिस्किट प्रतिष्ठेचे आणि शिळी भाकरी कमीपणाची, ही समजूत अलीकडे खेड्यांतही शिरली आहे. न आंबलेली, बुरशी न धरलेली भाकरी बिस्किटाहून केव्हाही सरस.

15 ऑगस्ट 1995 पासून सुरू झालेल्या मध्यान्ह भोजन योजनेत, जिला 2021 मध्ये प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे नाव मिळाले, पहिली ते पाचवीच्या मुलास 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण आहे. परंतु ते दुपारचे अन्न. सकाळ रितीच राहते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेत न्याहारीही द्यावी असे सुचविले, आणि तमिळनाडूने सप्टेंबर 2022 पासून ती देण्यास आरंभ केला.

जेथे अशी सोय नाही तेथे शिक्षकाने गूळ-फुटाण्यांचा एक डबा वर्गात ठेवावा. पालकसभा सायंकाळी भरवावी, म्हणजे रोजगारावर जाणाऱ्या माताही येऊ शकतील. आणि रात्री एक भाकरी अधिक थापावी, एवढीच विनंती त्या सभेत करावी.