ऑपरेटिंग सिस्टिम कोणाचं ऐकते?

नवीन लॅपटॉप हातात आल्यावर तुम्ही पहिल्या दिवशी काय करता? आमच्या होस्टेलवर तरी सगळ्या आधी वॉलपेपर बदलतात, मग डार्क मोड लावतात आणि 'कस्टमाइज केला' म्हणून सगळ्यांना दाखवत फिरतात. मीही त्यातलीच. पण दिवाळीच्या सुट्टीत मंगरुळपीरला काकांच्या कृषी सेवा केंद्रात एक प्रसंग घडला आणि 'कस्टमाइज' या शब्दाचा अर्थ मला नव्याने शिकावा लागला.

हरभऱ्याच्या बियाण्याची गर्दी होती. काकांनी दोन तास बसून उधारीची यादी टाइप केली आणि खिडकी बंद करायला गेले. स्क्रीनवर इंग्रजीत एक प्रश्न आला, खाली तीन बटणं. काकांनी मधलं दाबलं आणि यादी गेली! मला म्हणाले, "हे काय इचारून राह्यलं होतं वं?" मी म्हटलं, "काका, ते विचारत होतं, सेव्ह करू का?" काका म्हणाले, "मंग मराठीत इचाराचं ना!"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. स्क्रीन इंग्रजीत आहे, ही गोष्ट मला आजवर कधी जाणवलीच नव्हती. तेव्हा ठरवलं, की विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींची नीट तुलना करायची. कोणती जास्त छान दिसते हा प्रश्न नाही. वापरणाऱ्याच्या गरजेप्रमाणे कोणती किती वाकते, हे बघायचं. सोयीसाठी मी तीन पायऱ्या केल्या आहेत : रूप, कळफलक आणि भाषा.

पहिली पायरी : रूप

विंडोजमध्ये रूप बदलणं सगळ्यात सोपं. माउसची उजवी कळ दाबली, दोन क्लिक केले, झालं काम. पण काय बदलता येईल, हे कंपनी ठरवते. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये निळा, ऑलिव्ह हिरवा आणि चंदेरी असे तीनच रंग होते, नाहीतर जुनं क्लासिक रूप. बाहेरची थीम लावायची तर तिच्यावर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही लागायची, म्हणून हौशी मंडळी सिस्टिमची एक फाईलच बदलून टाकायची. २००९ च्या विंडोज ७ स्टार्टर या स्वस्त आवृत्तीत तर वॉलपेपरसुद्धा बदलता येत नव्हता. २०२१ मध्ये विंडोज ११ आली, तेव्हा टास्कबार वर किंवा बाजूला नेण्याची जुनी सोय काढून टाकलेली होती. म्हणजे आज मिळालेली मुभा पुढच्या आवृत्तीत राहीलच, असं नाही.

मॅकचं घर नीटनेटकं. डॉक खाली, डावीकडे किंवा उजवीकडे ठेवता येतो, ठळक रंग निवडता येतो, २०१८ पासून डार्क मोडही आहे. पण अख्खा डेस्कटॉप बदलून दुसरा बसवायचा म्हटलं, तर ती सोय नाही.

लिनक्सची रचनाच वेगळी. कर्नल वेगळा आणि डोळ्यांना दिसणारा डेस्कटॉप वेगळा. केडीईचं काम १९९६ मध्ये सुरू झालं, ग्नोमचं १९९७ मध्ये. शिवाय जुन्या मशीनला झेपणारा एक्सएफसीई आहे. एकाच काँप्युटरवर तिन्ही टाकून लॉगिन करताना हवा तो निवडता येतो. तोटाही सांगते. नवीन माणूस एवढे पर्याय बघून गोंधळतो, आणि ग्नोमची नवीन आवृत्ती आली की जुनी एक्स्टेन्शन्स कधीकधी बंद पडतात.

दुसरी पायरी : कळफलक

ही परीक्षा खास मराठीची. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन वेगळे शब्द आहेत. एकात डोंगर आठवतात, दुसऱ्यात समुद्र. 'दऱ्या' नीट लिहायचं, तर ऱ, हलन्त आणि य असा क्रम टाइप करावा लागतो. दुसरं अक्षर ॲ. 'ॲसिड'मधला हा ॲ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. कळफलक आधी ठरला आणि अक्षर नंतर आलं, की अशा वेळी कळफलक स्वतः बदलता येणं महत्त्वाचं ठरतं.

विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचंच 'कीबोर्ड लेआउट क्रिएटर' हे फुकट साधन आहे. चित्रातल्या कळीवर क्लिक करायचं, अक्षर भरायचं, इन्स्टॉल करायचं. मॅकसाठी 'युकुलेले' नावाचं साधन आहे. त्याने तयार केलेली फाईल लायब्ररीतल्या कीबोर्ड लेआउट्सच्या फोल्डरमध्ये ठेवायची. लिनक्समध्ये कळफलक म्हणजे चक्क एक साधी टेक्स्ट फाईल असते. प्रत्येक कळीसाठी एक ओळ आणि त्या ओळीत साधारण चार अक्षरांपर्यंत जागा : नुसती कळ, शिफ्टसोबत, ऑल्टसोबत आणि दोन्हींसोबत. इथे तिघेही पास, आणि खरं सांगायचं तर विंडोजचा मार्ग सगळ्यात सोपा.

तिसरी पायरी : भाषा

मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीही मराठीचा भाषा-पॅक दिला होता आणि विंडोज १० व ११ साठीही तो आहे. पण आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' ही आवृत्ती असते. नावातच सगळं आलं. मराठी टाइप करता येतं, पण मेनू त्या एकाच भाषेत राहतात. दुसरी भाषा लावायची तर वरची आवृत्ती घ्यावी लागते. आणि भाषांतरातला एखादा शब्द पटला नाही म्हणून तो बदलायचा म्हटलं, तर लायसन्स परवानगी देत नाही. मॅकमध्ये २०२० पासून सिस्टिमचा भाग सीलबंद आहे. तिथल्या फाईलमध्ये साधा बदल केला, तरी सील तुटतं.

लिनक्समध्ये हे काम कसं चालतं, ते समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक प्रोग्राम 'गेटटेक्स्ट' नावाची पद्धत वापरतात. स्क्रीनवर येणारं प्रत्येक वाक्य एका पीओ फाईलमध्ये जोडीने लिहिलेलं असतं : वर मूळ इंग्रजी वाक्य, खाली भाषांतर. तिची एमओ फाईल तयार करतात आणि ती भाषेच्या फोल्डरमध्ये ठेवतात. मराठीचं फोल्डर 'एमआर'. प्रोग्राम चालू झाला की आधी त्या फोल्डरमध्ये बघतो. वाक्य सापडलं तर मराठी दाखवतो, नाही सापडलं तर इंग्रजी. ही फाईल उघडायला, बदलायला आणि दुसऱ्याला द्यायला कोणाची परवानगी लागत नाही, कारण जीपीएलसारखं लायसन्स तो हक्क आधीच देऊन ठेवतं.

या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. रेड हॅटच्या पुण्याच्या ऑफिसमधून मराठी भाषांतराचं बरंच काम झालं. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने बनवलेले लोहित फॉन्ट २००४ मध्ये सगळ्यांसाठी खुले झाले. सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारित 'बॉस' लिनक्स काढलं, त्यातही मराठीची सोय होती.

काकांच्या दुकानात काय झालं?

थिअरी झाली, आता प्रॅक्टिकल. काकांचं मशीन जुनं, त्यावर विंडोज ११ चढत नाही. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. पण बिलाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, म्हणून मी विंडोज काढली नाही. तिच्या शेजारी लिनक्स आणि ग्नोम टाकलं आणि भाषा मराठी केली.

निकाल काय, तर अर्धी स्क्रीन मराठी आणि अर्धी इंग्रजी! कारण सरळ आहे. प्रत्येक नव्या आवृत्तीत नवी वाक्यं येतात आणि त्यांचं भाषांतर करायला माणूस बसला नाही, तर ती इंग्रजीतच राहतात. लिनक्स हक्क देतं, पण काम आपल्यालाच करावं लागतं. हा मुद्दा लिनक्सची बाजू घेणारे सहसा सांगत नाहीत, म्हणून मी सांगते.

खरी गंमत पुढे. मी काकांना तोच प्रश्न मुद्दाम मराठीत आणून दाखवला. त्यात शब्द होता 'जतन'. काका म्हणाले, "जतन म्हंजे?" म्हणजे इंग्रजी गेलं, तरी स्क्रीन अजून काकांची झाली नव्हती! मग मी पीओ फाईल उघडली आणि काकांनाच विचारलं, तुम्ही कसं म्हणाल? त्यांनी सांगितलं तसं लिहिलं : प्रश्न 'लिहिलेलं ठेवू का?' आणि बटणं 'ठेव', 'नको ठेवू', 'थांब'. असं करत दोन संध्याकाळी मिळून चाळीस वाक्यं झाली. त्यानंतर काकांनी मला हाक न मारता यादी ठेवली.

पंधरा दिवसांनी फोन आला, "तुयं जतन वापस आलं वं!" अपडेटने माझी फाईल पुसून मूळ फाईल परत ठेवली होती. चूक माझीच. एमआर फोल्डर सगळ्या मराठीचं, त्यात आपला खाजगी बदल टिकणार कसा?

उपाय शोधताना कळलं, की कॅटलन भाषेची वॅलेन्सियातली बोली लिनक्समध्ये वेगळ्या नावाने ठेवलेली आहे : भाषेचं नाव, ॲटचं चिन्ह आणि पुढे बोलीचं नाव. मग आपली वऱ्हाडी का नाही? मी 'एमआर ॲट वऱ्हाडी' असं वेगळं फोल्डर केलं आणि सिस्टिमला भाषांचा क्रम दिला : आधी वऱ्हाडी, तिथे नसेल तर मराठी, तिथेही नसेल तर इंग्रजी. आता अपडेट आलं तरी त्या फोल्डरला हात लागत नाही.

शेवटी निकाल

नुसतं रूप बदलायचं असेल आणि वेळ कमी असेल, तर विंडोज पुरेशी आहे. काही बदलायचंच नसेल आणि सगळं नीटनेटकं हवं असेल, तर मॅक. पण बदल वापरणाऱ्याच्या बोलीपर्यंत न्यायचा असेल, तर लिनक्सला पर्याय नाही, मात्र मेहनतीची तयारी ठेवा. सोपेपणा आणि खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुलना करताना आपण फक्त पहिली मोजतो.

आपल्या कॉलेजमध्ये मालेगाव, रिसोड, मानोरा, कारंजा अशा सगळ्या तालुक्यांतून मुलं येतात. तुमच्या वर्गात मराठी मीडियममधून आलेली कितीतरी मुलं असतील, जी फर्स्ट इयरला लॅबमध्ये मेसेज आला की शेजारच्याच्या स्क्रीनकडे बघतात. चाळीस वाक्यं मी एकटीने दोन संध्याकाळी केली. एक वर्ग बसला तर किती होतील, हिशोब तुम्हीच करा. पीओ फाईल कशी उघडायची ते मी दाखवते. शब्द मात्र तुम्ही आणा, कारण माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे आणि काका अजूनही माझ्या निम्म्या वाक्यांवर हसतात!